गुरुवारी पहिला पाऊस: कॅलिफोर्नियातल्या बे एरियातल्या बागेत या आठवड्यात काय उपटायचं, काय पेरायचं?

परसदार_फ्रीमाँट | सोमवार, रात्री 9:40

अंदाज बघितलात का? गुरुवारी रात्रीपासून शुक्रवारी दुपारपर्यंत पाऊण इंच म्हणतायत. मे महिन्यानंतर आमच्या अंगणात आभाळातून पडलेली एकमेव वस्तू म्हणजे शेजारच्या पोराचा ड्रोन.

बागेचा हिशेब असा. दोन लाकडी वाफे, दोन्हीत टोमॅटो. झाडं वरून हिरवीगार, खालून वाळकी, हिरवी फळं अजून भरपूर. कुंपणावर दुधी, पानांवर भुरी. भेंडी जून झाली. मिरच्या मजेत आहेत. दिवाळीसाठी झेंडूची एक ओळ नुकती फुलायला लागलीय. कढीपत्ता मोठ्या कुंडीत. बाकी जमीन म्हणजे फ्रीमाँटची ती प्रसिद्ध चिकणमाती. आत्ता तिला भेगा आहेत, शुक्रवारी तिचा लगदा होणार.

मला मेथी, कोथिंबीर, मटार, लसूण लावायचेत आणि समोरच्या पट्ट्यात कॅलिफोर्निया पॉपी. प्रश्न दोन: टोमॅटो पावसाआधी उपटू की ठेवू? आणि पेरणी पावसाच्या आधी की नंतर? घरात दोन मतं आहेत आणि मोठी माणसंही दोनच आहेत.

लसूणचटणी | सोमवार, रात्री 10:05

उपटा. रात्री पारा 55 फॅरेनहाइटच्या खाली जायला लागला की नवं फळ नीट धरत नाही आणि जे पिकतं त्याला चव पाणचट. त्या चार फळांसाठी लसणाची जागा अडवून ठेवायची म्हणजे भाडं न देणारा भाडेकरू पोसणं. ज्यांच्या बुडाशी रंग फिरलाय ती घरात आणा, ओट्यावर पिकतील. ठार हिरव्यांची भाजी करा: मोहरी-हिंगाची फोडणी, गूळ, दाण्याचं कूट जरा सढळ हाताने. आमच्याकडे त्या भाजीसाठी टोमॅटो लावतात, लाल होणं हा अपघात.

उंटावरचा_माळी | सोमवार, रात्री 10:31

लसूणताईंना कापायची फार घाई असते, हे भोपळ्याच्या धाग्यापासून बघतोय. :)

माती अजून गरम आहे. माझे चेरी टोमॅटो दरवर्षी थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबर सरेपर्यंत चालतात. पावसाने फळं तडकतात हे खरं, कारण कोरड्या मुळांना एकदम पाणी मिळतं, आतला गर फुगतो आणि साल तेवढी ताणत नाही. त्यावर उपाय म्हणजे बुधवारपर्यंत रंग आलेलं प्रत्येक फळ तोडून घ्या. करप्याची भीती एका पावसाला नसते, पानं दिवसच्या दिवस ओली राहिली तर असते. खालची वाळकी पानं काढा, हवा खेळू द्या. एवढं केलं तर झाड मरत नाही.

निम्मीशिम्मी | सोमवार, रात्री 10:44

दुधी किती निघाले ते आधी सांगा. ऑक्टोबरात आमच्या गल्लीत सकाळी दार उघडायची भीती वाटते, पायरीवर कोणीतरी दुधी ठेवून पळालेलं असतं.

परसदार_फ्रीमाँट | सोमवार, रात्री 10:52

@निम्मीशिम्मी, तुमची गल्ली कोणती?

छाटणीवाला_नाशिक | मंगळवार, सकाळी 8:15 (आमच्या रात्री)

धागा वाचून गंमत वाटली. तुम्ही पाऊस येणार म्हणून खुश, आम्ही तो कधी जातो याच्या वाटेवर डोळे लावून. द्राक्षाची फळछाटणी सुरू आहे, कोवळी फूट निघालीय आणि परतीच्या पावसाची एक सर आली की डाऊनी रोगासाठी फवारणी. एकाच महिन्यात एकाच गोष्टीसाठी दोन टोकाचे नवस चाललेत.

आता कामाचं. इकडून तिकडे गेलेली बरीच मंडळी पहिला पाऊस म्हटला की मनात मृग धरतात आणि भेंडी-गवार टाकायला धावतात. तुमचा पहिला पाऊस मृगाचा नाही. दिवस लहान होतायत, माती गार होत जाणार. हा रब्बीचा हंगाम आहे, फक्त आमच्या रब्बीला विहिरीचं पाणी लागतं आणि तुमच्या रब्बीला आभाळाचं. तेव्हा मेथी, कोथिंबीर, मटार, पालक, मोहरी, मुळा, गाजर, लसूण, हरभरा. भेंडीचं नाव मार्चपर्यंत काढू नका.

आधी की नंतर? चिकणमातीत नंतरच. आधी टाकून पाऊण इंच जोरात आला तर वर पापडी धरते आणि मेथीचा मोड ती फोडू शकत नाही. पाऊस थांबला की वाफसा यायची वाट बघा. चार बोटं खालची माती मुठीत घेऊन दाबा. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर भुगा होऊन सुटला, तर वाफसा आला. बोटाचा ठसा उमटून गोळा तसाच चिकट राहिला तर चहा प्या आणि दुसऱ्या दिवशी या. ओल्या चिकणमातीत पाय देऊ नका, फावडं तर नाहीच. तेव्हा तुडवलेली माती वाळली की वीट होते आणि हंगामभर तशीच राहते.

परसदार_फ्रीमाँट | मंगळवार, सकाळी 8:50

वाफसा! हा शब्द आजोबांच्या तोंडी शेवटचा ऐकला होता. मग पॉपीचं काय? त्या पाकिटावर पावसाआधी विखरा असं छापलंय.

रानफूल | मंगळवार, सकाळी 9:20

पॉपीचं पाकीट बरोबर आहे, आणि नाशिकचे दादाही बरोबर आहेत. भाजीचं बी आणि रानफुलाचं बी यांच्या सवयी वेगळ्या.

पॉपी, ल्युपिन, क्लार्किया या इथल्याच बिया. यांचं सगळं आयुष्य या पावसावर बेतलेलं आहे: शरदात रुजायचं, हिवाळाभर जमिनीलगत राहून मुळं वाढवायची, मार्च-एप्रिलमध्ये फुलायचं, उन्हाळ्याआधी बी टाकून मोकळं व्हायचं. खत नको, खोल पुरायचं तर अजिबात नको. माती वरवर दाताळ्याने ओरखडा, बी वाळूत मिसळून विखरा, पायाने हलकं दाबा. आज मात्र नको, बुधवारी संध्याकाळी किंवा गुरुवारी. जास्त दिवस उघडं पडलं तर चिमण्या आणि होले वेचून संपवतात. ल्युपिनचं बी कडक असतं, ते रात्रभर भिजवून टाका.

छाटणीवाला_नाशिक | मंगळवार, सकाळी 9:41

रानफूलताई, एक शंका. त्या पट्ट्यात तणाचं बी किती आहे? आम्ही अशा वेळी पहिल्या पावसाने तण उगवू देतो, कोवळं असताना कोळपून काढतो आणि मग पेरतो. पहिल्याच पावसाला पेरलं तर तण आणि फूल एकाच वेळी उगवणार, आणि कोवळेपणी दोन्ही ओळखणार कोण?

रानफूल | मंगळवार, सकाळी 10:10

मुद्दा मान्य. जिथे गेल्या वर्षी रानटी ओट आणि ऑक्झालिस माजलं होतं तिथे तुमचंच खरं. पहिला पाऊस तणाला, दुसरा पाऊस पॉपीला. डिसेंबरपर्यंत पेरलं तरी चालतं. ओळखायला पॉपी सोपी आहे, तिची पानं बडीशेपेसारखी चिरलेली, फक्त रंग निळसर राखाडी. ऑक्झालिस पिवळ्या फुलाचं, आंबट, जमिनीखाली बारीक कंद असलेलं. ते कोळपून जात नाही हेही सांगून ठेवते, कंदातून परत येतं.

बंड्या_परदेशी | मंगळवार, सकाळी 10:15

पॉपी म्हणजे खसखस ना? फ्रीमाँटमध्ये अफूची शेती? अनरसे कधी करताय?

रानफूल | मंगळवार, सकाळी 10:22

कूळ एक, गुण वेगळे. हिच्यात अफूही नाही आणि अनरशाला लावायची खसखसही नाही. 1903 पासून हे राज्याचं अधिकृत फूल आहे, पोलीस आलेच तर फोटो काढायला येतील. आणि दारातली तोडली तर तुरुंगात जाल ही अफवाच. सरकारी जागेतली किंवा दुसऱ्याच्या जागेतली परवानगीशिवाय तोडायची नाही, एवढंच.

टाकीवाले_जोशी | मंगळवार, दुपारी 1:05

पाण्याचं कोणी बोलेना म्हणून मी. ठिबकचा टायमर बुधवारीच बंद करा. गुरुवारी पाऊस आणि सोबत स्प्रिंकलर हे दृश्य आमच्या कॉलनीत दर वर्षी असतं. दुष्काळात तर पावसानंतर 48 तास लॉनला पाणी घालायला बंदी होती. बंदी नसली तरी अक्कल तीच.

पिंप बसवायचं असेल तर हिशेब बघा. 1000 चौरस फूट छपरावर 1 इंच पाऊस म्हणजे सुमारे 620 गॅलन. बाजारात मिळणारं पिंप 50 गॅलनचं, म्हणजे ते पहिल्या शिडकाव्यातच भरतं. त्यामुळे ओसंडणाऱ्या पाण्याची वाट आधी काढा, नाहीतर सगळं घराच्या पायाशी. परवानगीची कटकट नाही, छपराचं पाणी साठवायला 2012 च्या कायद्याने मोकळीक आहे. पण पहिल्या पावसाचं पहिलं पाणी सोडून द्या. पाच-सहा महिन्यांची धूळ, पाखरांची विष्ठा, वणव्याच्या धुराची काजळी, सगळं त्यात असतं. ते पालेभाजीवर ओतू नका.

पन्हळी साफ केल्यात का?

परसदार_फ्रीमाँट | मंगळवार, दुपारी 1:30

पाऊण इंचासाठी एवढं?

टाकीवाले_जोशी | मंगळवार, दुपारी 1:38

2021 मध्ये 24 ऑक्टोबरला सॅक्रामेंटोत एका दिवसात 5.44 इंच पडला होता, आणि तोही सहा महिन्यांहून जास्त कोरडे गेल्यावर. इथला पहिला पाऊस नेहमी शिष्टाचार पाळून येतो असं नाही. शिडी काढा.

पर्थकर | मंगळवार, संध्याकाळी 6:50

आमच्याकडे हाच खेळ एप्रिल-मे मध्ये असतो, तेव्हा आमचा शरद. इथे ऑस्ट्रेलियात पर्थची माती वाळू आणि उन्हाळाभर कोरडी राहिली की पाण्याला शिवू देत नाही. वर पाऊस, चार बोटं खाली पीठ. चिकणमातीत हे कमी होतं, पण तुमच्या कुंड्यांत नक्की होतं. कढीपत्त्याची कुंडी उचलून बघा. पाणी घातल्यावर लगेच खालून आलं आणि कुंडी हलकीच राहिली, तर माती कडेने सुटलीय. कुंडी घमेल्यात पाण्यात बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. पावसाच्या भरवशावर कुंडी सोडायची नाही.

निम्मीशिम्मी | मंगळवार, संध्याकाळी 7:12

कढीपत्त्यावरून आठवलं. बुडाशी बरीच पिल्लं फुटलीत. लॉस एंजेलिसच्या नणंदेकडे चाललेय, एक घेऊन जाऊ का?

उंटावरचा_माळी | मंगळवार, संध्याकाळी 7:30

नको, आणि येतानाही आणू नका. लिंबूवर्गावर रोग पसरवणारी सिलिड नावाची कीड कढीपत्त्यावर वाढते. कढीपत्त्याला रोग होत नाही, पण कीड त्याच्यावरून संत्र्या-लिंबावर जाते. 2012 मध्ये लॉस एंजेलिस भागात तो रोग पहिल्यांदा सापडला, तेव्हापासून क्वारंटाइनचे पट्टे आहेत आणि त्यांतून झाड हलवायला मनाई. झाडाला रोग झाला की औषध नाही. नणंदेला लाडू न्या.

निम्मीशिम्मी | मंगळवार, संध्याकाळी 7:33

लाडूला तिच्याकडे क्वारंटाइन नाही, डाएट आहे. बरं.

आजी_अश्दोद | बुधवार, पहाटे 4:20 (इथे दुपार)

मुलांनो, मी इस्रायलमधून लिहिते. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, मूळ रेवदंड्याकडचे. लहान होते तेव्हा आईबाबांबरोबर इकडे आले. आमच्याकडेही उन्हाळा कोरडा ठक्क आणि पहिला पाऊस तुमच्यासारखाच ऑक्टोबर-नोव्हेंबरात. त्याला इकडे योरे म्हणतात.

तो यायच्या आधी रानात हत्साव फुलतो. पान एक नाही, नुसता कमरेएवढा दांडा आणि पांढऱ्या फुलांचा तुरा. तो दिसला की समजायचं उन्हाळा सरत आला. सुक्कोत या आमच्या शरदातल्या सणाच्या शेवटी देवळात पावसाची प्रार्थना होते, पण रोजच्या प्रार्थनेत “पाऊस दे” असं मागणं सुरू होतं ते ज्यू पंचांगातल्या हेश्वान महिन्याच्या 7 तारखेपासून. का, तर जुन्या काळी सणाला जेरुसलेमला आलेला लांबचा यात्रेकरू युफ्रेटिस नदीपर्यंत घरी पोचायला हवा, वाटेत भिजायला नको. मला हे फार आवडतं. गरज असूनही पंधरा दिवस थांबायचं.

ऑलिव्हवाले जुने लोकही पहिल्या पावसाची वाट बघून मग फळ उतरवतात. धूळ धुतली जाते, फळ जरा टपोरं होतं.

माझी बाग म्हणजे गच्ची. पावसानंतर मेथी टाकते. बी रात्रभर भिजवायचं, पसरायचं, वर अर्धं बोट माती. आई रेवदंड्याला समुद्रालगत वाळूत मेथी करायची, बोटभर वाढली की मुळासकट उपटून जुड्या. तशी कुंडीत करून बघा. मोठी होऊ देऊ नका, कडू होते. आणि गोगलगायी सांभाळा, पहिल्या ओलीला त्या सगळ्या बाहेर येतात.

लसूणचटणी | बुधवार, सकाळी 7:45

आजी, नमस्कार! समुद्रमेथी अश्दोदच्या गच्चीवर! आमच्या अलिबागकडे आजही तशाच जुड्या विकतात.

गोगलगायी: रात्री बॅटरी आणि साबणाच्या पाण्याचा डबा घेऊन फिरा, पावसानंतरची पहिली रात्र सगळ्यात फलदायी. मटाराचा कोंब त्यांना विशेष प्रिय. औषध टाकायचंच तर लोह फॉस्फेटच्या गोळ्या. मेटाल्डिहाइडवाल्या नकोत, कुत्र्यांना घातक आहेत. गंमत म्हणजे इथली तपकिरी बागेतली गोगलगाय कॅलिफोर्नियात 1850 च्या दशकात खाण्यासाठी आणली होती. खाणारे गेले, ती राहिली.

बंड्या_परदेशी | बुधवार, सकाळी 8:02

खाण्यावरून विचारतो. पाऊस झाला की आमच्या मागच्या ओकखाली पांढरी अळंबी येतात. गावाला श्रावणात आणायचो तशीच दिसतात. कोणी केलीयत का?

उंटावरचा_माळी | बुधवार, सकाळी 8:06

हात लावू नका.

डॉक्टरीणबाई | बुधवार, सकाळी 8:40

या धाग्यावर मी फक्त वाचायला होते, पण बंड्या, हे नीट वाच. बे एरियात ओकखाली शरद-हिवाळ्याच्या पावसात डेथ कॅप ही विषारी अळंबी उगवते. युरोपातून झाडांच्या मुळांबरोबर आलेली. टोपी फिकट हिरवट-पिवळी, कधी पांढुरकी, खाली पांढरे पडदे, दांड्याला झालर, बुडाशी पिशवी. कोवळी असताना आशियात खातात त्या पेंढ्यावरच्या अळंबीसारखी दिसते आणि त्यामुळेच बाहेरून आलेली माणसं फसतात. शिजवून, वाळवून विष जात नाही. चवीला वाईट लागत नाही. उलट्या-जुलाब 6 ते 12 तासांनी सुरू होतात, मग मधे एक दिवस बरं वाटतं आणि तोवर यकृत निकामी व्हायला लागलेलं असतं. “गावाला खायचो तशीच दिसते” हे ओळखपत्र होत नाही. कोणी चुकून खाल्लीच तर लक्षणांची वाट न बघता इस्पितळ, उरलेला तुकडा सोबत घेऊन.

बंड्या_परदेशी | बुधवार, सकाळी 8:47

दुकानातली बटण मशरूम आणतो. धन्यवाद, डॉक्टर.

परसदार_फ्रीमाँट | बुधवार, रात्री 10:20

आजचा अहवाल. घरातल्या दोन मतांना एकेक वाफा दिला. पूर्वेकडच्या वाफ्यातले टोमॅटो उपटले, म्हणजे बुंध्याशी कापले आणि मुळं आत कुजायला ठेवली. पश्चिमेकडच्या वाफ्यातली खालची वाळकी पानं काढली, रंग आलेलं सगळं तोडलं. दुधी खाली उतरवला. भुरीची पानं खताच्या ढिगात न टाकता शहराच्या हिरव्या डब्यात. एक दुधी बियांसाठी वेलीवर जून झाला होता, तो गॅरेजमध्ये खडखड वाजेपर्यंत ठेवणार. झेंडूला काठ्या रोवल्या, भिजून जड झाली की फुलं माना टाकतात.

पन्हळीतून निघालं ते सांगत नाही. त्यात एक टेनिस बॉल होता.

पॉपी: अर्धा पट्टा आज विखरला, अर्धा तण उगवून कोळपायला ठेवला. रानफूल विरुद्ध नाशिक.

निम्मीशिम्मी | शुक्रवार, सकाळी 6:30

पडला! सनीवेलला रात्री 2 पासून. खिडकी उघडून बसलेय, नवरा म्हणतो हीटर चालू आहे, खिडकी लाव.

टाकीवाले_जोशी | शुक्रवार, सकाळी 7:10

पिंप ओसंडलं. पहिलं पाणी सोडलं होतं, चहाच्या रंगाचं.

लसूणचटणी | शनिवार, दुपारी 12:15

ऊन पडलं आणि अंगणात पंखवाल्या वाळवीचे थवे. दर वर्षी पहिल्या पावसानंतरच्या उन्हाला निघतात. जमिनीतून निघाले तर इतकं घाबरायचं कारण नाही. घराच्या भिंतीतून निघाले तर मात्र माणूस बोलवा.

परसदार_फ्रीमाँट | शनिवार, संध्याकाळी 5:40

आमच्याकडे पाऊण नाही, अर्ध्या इंचाच्या जरा वर. उपटलेल्या वाफ्यात आज मूठ करून बघितली. वाफ्यात भरलेली माती भुसभुशीत, गोळा टोचल्याबरोबर फुटला, त्यामुळे तिथे लसूण लावला. टोक वर, दोन इंच खाली, पाकळ्यांत वीतभर अंतर, वरून पेंढा. उरलेल्या अर्ध्यात आजींच्या पद्धतीने मेथी. अंगणातल्या चिकणमातीचा गोळा मात्र मी लेकाला फेकून मारला तरी फुटला नाही, तिथले मटार थांबतील.

ठेवलेल्या टोमॅटोंचं म्हणाल तर मोठी फळं शाबूत, चेरी निम्मे तडकले, कारण बुधवारी अंधारात आतल्या फांद्या बघितल्याच नव्हत्या. तडकलेल्यांचं सार झालं. हिरव्या टोमॅटोची भाजी लसूणताईंच्या कृतीने केली, आता घरात दुसरा वाफाही उपटावा असं तिसरं मत तयार झालंय. ते आईचं आहे, ती पुण्याहून व्हिडिओवर बघत होती.

उंटावरचा_माळी | शनिवार, संध्याकाळी 5:58

आत्याबाईला मिशा असत्या तर... चेरी तोडले असते तर पूर्ण पीक वाचलं असतं. वाफा ठेवा.

लसूणचटणी | शनिवार, संध्याकाळी 6:03

काकूंना माझा नमस्कार सांगा. वाफा उपटा.

छाटणीवाला_नाशिक | शनिवार, रात्री 8:30

दुसऱ्या वाफ्याचं भांडण चालू राहू द्या, पण अंगणातल्या रिकाम्या जागी मटाराबरोबर हरभरा टाकून बघा. दुकानातला सालासकटचा देशी हरभरा चालतो, भाजलेला नको.

परसदार_फ्रीमाँट | शनिवार, रात्री 8:41

घाटे धरतात का इथे? की नुसतीच पानांची भाजी?

छाटणीवाला_नाशिक | शनिवार, रात्री 9:02

तुमच्याच सेंट्रल व्हॅलीत हिवाळ्यात पेरून हरभऱ्याचं पीक घेतात, मग तुमच्याकडे का नाही धरणार? फक्त पाणी साचू देऊ नका, सरी पाडून वरंब्यावर लावा. शेंडे खुडून भाजी करा, त्याने फांद्याही फुटतात. हिवाळ्यात हळू वाढेल, वसंतात घाटे भरतील. पानांवरची आंब हाताला लागते, डोळ्याला हात लावू नका.

बंड्या_परदेशी | शनिवार, रात्री 9:10

सोलाणे आले की धागा वर काढा. हे तरी खायचं ना, डॉक्टर?